जागा केशवरावांची, वारा वहिनीचा

कूलर बंद पडला तो नेमका नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत जळते नऊ दिवस, लागायच्या आदल्या दुपारी. वस्तू म्हटली की ती कधी ना कधी बंद पडणारच, त्याला कोण काय करणार; पण तिनं थोडा वेळकाळ बघावा की नाही? पावसाळा-हिवाळाभर पोतं पांघरून निजून असतो, तेव्हा पड ना बाबा खुशाल. पण नाही. सिहोऱ्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, कावळे चोच वासून कडुनिंबात बसलेले, अशा टळटळीत वेळी त्यानं एक आचका दिला आणि गप्प झाला.

केशवराव तेव्हा आपल्या सपरीत, म्हणजे पडवीत, खाटेवर आडवे होते. भिंतीपलीकडच्या घरघरीवर त्यांची दुपारची झोप ठरलेली. ती घरघर थांबली तशी त्यांना जाग आली. लाईन गेली असेल म्हणावं, तर डोक्यावरचा पंखा मजेत फिरत होता. ते उठून दोन घरांच्या मधल्या पट्टीत गेले आणि कूलरच्या वाळ्याच्या ताटीला तोंड लावून त्यांनी विचारलं, "वैनी, बटन तूच बंद केलं का?" आतून उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. ते तसेच अनवाणी, तापलेल्या फरशीवरून वळसा घालून पुढच्या दारानं आत धावले. सुलोचनाबाई माठाजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले, हातातला पेला घरंगळून लांब गेलेला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि ऊन लागलं म्हणून सांगितलं. घराबाहेर पाऊल न टाकता बाईला घरातल्या घरात ऊन लागलं, असा तो उन्हाळा होता. केशवरावांच्या बायकोनं, शकुनबाईंनी, तळपायांना कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. संध्याकाळपर्यंत सुलोचनाबाई उठून बसल्या आणि "एवढं काय झालं, मरत होती का मी?" असं म्हणू लागल्या, तेव्हा कुठे केशवरावांच्या घशाखाली पाणी उतरलं. तोवर फोन मात्र जाऊन चुकला होता. जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला असलेला सुलोचनाबाईंचा मुलगा प्रफुल्ल बायकोला, रिताला, घेऊन दिवस मावळायच्या आत हजर झाला. आल्या आल्या त्यानं आईचं कपाळ चाचपलं आणि दुसरं काही न बोलता जाऊन कूलरच्या टाकीला एक बोट लावलं. बोट आरपार गेलं.

आता हे मधल्या पट्टीचं नीट समजून घेतलं पाहिजे, नाही तर पुढचं भांडण कोणाला कळायचं नाही. एका घराची दोन घरं झाली ती सेवकराम आणि केशवराव या भावांच्या वाटणीत. पंच आले होते वैशाखात. उन्हानं त्यांचा जीव कासावीस झालेला, कधी एकदा दोरी ताणतो आणि सावलीत बसतो असं झालेलं. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा होता, काठोकाठ भरलेला. त्याला कोण हलवणार? दोरी सरळ भिंतीला चिकटून गेली. खोली गेली थोरल्या सेवकरामकडे, खिडकीबाहेरची जागा गेली धाकट्या केशवकडे. सह्या झाल्या, चहा झाला, पंच पान खाऊन चालते झाले आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की कूलर उभा आहे केशवच्या हद्दीत आणि त्याचं तोंड आहे सेवकरामच्या घरात. गावानं वर्षभर हसून घेतलं. जागा केशवची, वारा सेवकरामचा, असं पोरंसोरंसुद्धा म्हणायची.

वाटणीच्या दिवशी नको नको ते शब्द निघाले होते. "या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही," असं केशवरावच ओरडून बोलले होते. त्यानंतर कित्येक वर्षं भावाभावांत अबोला. पण नळ होता केशवरावांच्या अंगणात, आणि पाण्याविना कूलर म्हणजे नुसता आवाज. त्या पहिल्या उन्हाळ्यात सेवकरामनं पाणी मागितलं नाही. सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला. चार-पाच दिवस पंप कोरडा ओरडत राहिला. शेवटी एका संध्याकाळी केशवरावांना ते ऐकवेना. त्यांनी नळी उचलली आणि टाकीत सोडली. टाकी उंचावर, किती भरली ते बाहेरून दिसायचं नाही. ते उभे राहिले. मग आतून कोणीतरी पत्र्यावर बोटानं दोनदा ठकठक केलं. केशवरावांनी नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाऊ भावाशी बोलत नव्हता, पण रोज संध्याकाळी दोघांचं एवढं काम एकमेकांशी होतं.

पुढे अबोला सुटला. बांधावर बसून दोघांनी एका काडीवर बिड्या शिलगावल्या, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात राबले. तरी ते दारातलं वाक्य कोणी परत घेतलं नाही, आणि घ्यायचं कसं तेही कोणाला सुचलं नाही. पूजा असली, कार्य असलं, बोलावणं आलं की केशवराव त्या दारानं जायचे. उगाच म्हणून कधी गेले नाहीत.

सेवकराम गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात केशवरावांनी सवयीनं नळी सोडली आणि त्यांच्या लक्षात आलं, की आता थांब म्हणायला आत कोणी नाही. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. तेवढ्यात ताटीच्या पलीकडून वहिनीचा आवाज आला, "बस, बाबू." त्या दिवसापासून रोज पाणी भरता भरता दोघं ताटीतून बोलायची. आज काय रांधलं, प्रफुल्लचा फोन आला का, पाठ कशी आहे, कोणाच्या घरी बाळंतपण झालं. ओल्या वाळ्याचा वास आणि वहिनीचा आवाज एकदमच यायचा. पाऊस लागून कूलरवर पोतं पडलं की हे सगळं बंद. मग वहिनी दिसायची ती रस्त्यानं जाताना, नाही तर कोणाच्या कार्यात. अख्ख्या विदर्भात उन्हाळ्याची वाट बघणारा माणूस हा एकच असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खिडकीच्या खोलीत सगळे जमले. सुलोचनाबाई खाटेवर, बाकीचे चटईवर. प्रफुल्लनं मुद्द्याला हात घातला. कूलरची टाकी गंजली, मोटर जळली, ताट्या कुजल्या. आता त्यात राहिलं काय? एसी घ्यायचा, खिडकी विटांनी बुजवायची आणि आईनं दार लावून सुखानं निजायचं. केशवरावांचा मुलगा योगेंद्र लगेच हो म्हणाला. त्याच्या मनात त्या पट्टीवर पत्रे टाकून ट्रॅक्टरची अवजारं ठेवायची होती, ते त्यानं बोलूनही दाखवलं. दोघे चुलतभाऊ इतक्या पटकन एकमताचे झाले, की शकुनबाईंना भरून आलं.

पण योगेंद्रची बायको डिंपल हुशार बाई. तिनं हळूच विचारलं, की एसीचा तो बाहेरचा डबा कुठे लागणार? प्रफुल्ल म्हणाला, पट्टीतच, दुसरी जागा कुठे आहे. डिंपल म्हणाली, म्हणजे माझ्या चुलीच्या खिडकीसमोर. तुमच्या घरची गरमी काढून माझ्या स्वयंपाकघरात सोडणार. ते ऐकून योगेंद्रचं मत तिथल्या तिथे फिरलं; कूलरच बरा, नवा घेऊ, असं तो म्हणू लागला. रिताला ते लागलं. आई बेशुद्ध पडली आणि तुम्हाला चुलीची पडली, असं ती बोलून गेली. डिंपलनंही ऐकून घेतलं नाही. काल पाय चोळायला आम्हीच होतो, तुम्ही नव्हत्या, म्हणाली. शकुनबाई मध्ये पडल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कोणाला, असं काहीबाही समजावत राहिल्या. मग सगळ्यांनी केशवरावांकडे बघितलं, कारण ते सकाळपासून मूग गिळून बसले होते.

"मी बनवून देतो," केशवराव म्हणाले.

प्रफुल्ल हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. टाकीतून बोट आरपार जातं हे त्यानं काकाला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. केशवराव खाली बघत म्हणाले, की पत्रा लावू, डांबर लावू, जुन्या वस्तूत जीव असतो. सुलोचनाबाई इतका वेळ पदराशी चाळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "करू द्या त्याले. तो म्हणते तं करू द्या." थोरल्या बाईचा शब्द, त्यावर कोण बोलणार? प्रफुल्लनं रजा एक दिवसानं वाढवली.

योगेंद्रनं तुमसरहून पंप आणि ताट्या आणल्या, जळलेल्या मोटरीत बाजारातून नवी तार भरून आणली. बाकी सगळं केशवरावांनी स्वतः केलं. पट्टीत कडुनिंबाची सावली होती, तिथे त्यांनी कूलरचा सांगाडा आडवा पाडला आणि पत्र्यावरचा रंग खरवडायला घेतला. दरसाल होळी झाली की त्याला रंग लागायचा, जो रंग घरात उरला असेल तो. वरचा राखाडी निघाला तर खाली निळा, तो प्रफुल्लच्या लग्नाच्या दारांचा. त्याखाली हिरवा, योगेंद्रच्या पहिल्या बैलबंडीचा. त्याच्याही खाली गेरूसारखा तांबडा, अगदी पहिला, सेवकरामनं लावलेला. लावताना त्याचे केस तांबडे झाले होते आणि वहिनी दोन दिवस हसत होती. केशवरावांनी तेवढा तुकडा खरवडला नाही. फाटलेल्या टाकीला आतून पत्रा ठोकला, वरून डांबर ओतलं. एक कोपरा मात्र काही केल्या धड बसेना. मग त्या कोपऱ्यात पाणी उभंच राहू नये म्हणून त्यांनी बाहेरच्या दोन पायांखाली विटा सारल्या. कूलर घराकडे जरासा वाकला. चालतंय की, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांबर वाळलं. जेवणं झाल्यावर, घरातले सगळे कलंडल्यावर, केशवरावांनी नळी टाकीत सोडली आणि एक घमेलं पालथं घालून सावलीत बसले. आता चूक कुठे झाली म्हणाल, तर इथे. दुसरा कोणी असता तर त्यानं विटेवर चढून टाकीत डोकावलं असतं. पण इतक्या वर्षांत केशवरावांनी त्या टाकीत पाणी भरताना कधी डोकावलंच नव्हतं. नळी सोडायची आणि आतून बस म्हणेपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांना ठाऊक. रितानं सकाळीच सासूला पुढच्या खोलीत, मोठ्या पंख्याखाली निजवलं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते वाट बघत बसले.

बसल्या बसल्या त्यांचं मन मागे गेलं. कूलर नवा आला तो उन्हाळा त्यांना आठवला. गावात तेव्हा दोन-तीनच कूलर. वाटणी व्हायची होती. त्या एका खोलीत सगळं घर एका ओळीनं निजायचं, आणि कूलरच्या तोंडाशी कोणी निजायचं यावरून पोरांच्या रोज मारामाऱ्या. शकुन तेव्हा पोटुशी होती, योगेंद्रच्या वेळची. सेवकरामनं पोरांना दटावून ती जागा तिला दिली आणि स्वतः दाराच्या फटीशी गरम वाऱ्यात निजला. वहिनी ताट्यांवर वाळ्याच्या काड्या खोचायची आणि म्हणायची, निजा रे आता, बडबडून वारा गरम करू नका. पोरं खिदळायची. मग एकेकाचा आवाज बंद व्हायचा आणि नुसती घरघर उरायची. काय दिवस होते ते, केशवरावांना वाटलं. कोणाचं काय होतं आणि कोणाचं काय नव्हतं, हे कोणाच्या मनातही यायचं नाही. गार सावलीत त्यांची मान जराशी लवंडली.

"मामाजी, नळ बंद करा," डिंपल ओरडत आली.

टाकी कधीच भरली होती आणि कूलर घराकडे वाकलेला. पाणी बाहेर सांडायचं ते खिडकीच्या उंबऱ्यावरून आत, भिंतीवरून सरळ खोलीत चाललं होतं. आणि खोलीत खाटेखाली होतं बियाणं. चिन्नोर धानाचं, सेवकरामच्या हातचं, दरसाल निवडून पुढच्या सालाला राखलेलं. खोली गार म्हणून पोती तिथेच राहायची. दोन्ही घरचे परे, म्हणजे लावणीची रोपं, त्याच बियाण्यातून व्हायचे. खालची पोती भिजून काळी पडली होती. धानाला ओल लागली की ते एका रात्रीत मोड काढतं, आणि पेरणीला अजून अवकाश. मोडावलेलं बियाणं कोंबड्यांच्या कामाचं.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. योगेंद्र आणि प्रफुल्लनं पोती खेचून बाहेर काढली. प्रफुल्ल ती स्लॅबवर उन्हात पसरायला निघाला, तर सुलोचनाबाईंनी खाटेवरूनच अडवलं. या उन्हात टाकलं तर बियाण्याचा जीव जातो, सावलीत आणि वाऱ्यात वाळवा. सावली आणि वारा एवढा एका घरात कुठला? केशवरावांच्या सपरीत चादरी अंथरल्या, मधल्या खोलीत अंथरल्या, तरी पुरेना. रितानं आपली बॅग उघडून साड्या काढल्या. काल जिच्याशी वाजलं होतं त्या डिंपलबरोबर ती गुडघ्यांवर बसून ओलं धान बोटांनी पसरू लागली. दोन्ही घरचे पंखे सुरू झाले. सुलोचनाबाई कोणाचं न ऐकता उठून आल्या आणि केशवरावांच्या सपरीतल्या खाटेवर बसून कुठे थर जाड झाला ते दाखवू लागल्या.

केशवराव एका कोपऱ्यात उकिडवे बसून धान चाळवत होते. कोणी त्यांना एक शब्द बोललं नव्हतं, आणि तेच त्यांना जड जात होतं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. शेवटचं पोतं रिकामं केल्यावर प्रफुल्ल त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. घामानं निथळत होता. आई बेशुद्ध पडल्यापासून जे आत दाबून ठेवलं होतं ते त्याच्या तोंडून निघालं.

"काका, एक विचारू? ती पट्टी तुमची आहे. कागदावर आहे. कूलर निघाला म्हणून आमी ती मागणार नाही, लिहून देतो. मंग त्या सडक्या डब्याले एवढं काहून धरून बसले तुमी?"

योगेंद्र ताडकन उठला, पण शकुनबाईंनी त्याचा हात धरला. केशवरावांच्या हातात मूठभर धान होतं. ते त्यांनी सावकाश चादरीवर सोडलं.

"पट्टीले आग लाव गा," ते म्हणाले. "मले पट्टी नाही पायजे."

"मंग काय पायजे?"

केशवरावांनी एकदा खाटेकडे बघितलं आणि मान खाली घातली. "सांजच्याले पाणी भरतो, तं वैनी दोन शब्द बोलते. जेवला का, पाठ दुखते का, एवढंच. कूलर गेला तं ते गेलं. मंग मी तिकडं कायले येऊ? रोज कोणत्या तोंडानं येऊ? मीच म्हटलं होतं ना, त्या दारात पाय ठेवीन नाही म्हणून."

शकुनबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. एवढं लांब बोलणं संसारात त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. प्रफुल्ल चादरीपाशी बसून धान सारखं करू लागला. काकाच्या मनात जमीन आहे असं तो दोन दिवस धरून चालला होता आणि आता त्याला कुठे तोंड लपवावं कळेना.

सुलोचनाबाई खाटेवरून म्हणाल्या, "बाबू, मी लगन होऊन आली तवा तू सात-आठ सालाचा. माय नव्हती तुले. तुले न्हाऊ घातलं, तुह्या डोक्यातल्या उवा काढल्या, शाळेत जात नव्हता म्हणून झोडपलं. तवा कोणता कूलर होता?"

केशवरावांनी डोळे पुसायला हात उचलला तर हाताला धानाचा कोंडा, म्हणून त्यांनी बाहीनं पुसले.

"अन् आता माहं ऐक," त्या पुढे म्हणाल्या. आवाज थोडा बसला होता. "त्या ओल्या वाऱ्यानं माहे गुडघे धरते. मागच्या उन्हाळ्यापासून धरते. सकाळी खाटेवरून उठवत नाही. मी कोणाले बोलली नाही. बोलली असती तं या पोरानं कूलर काढला असता, अन् तू यायचा बंद झाला असता. मलेही तेच भेव होतं रे."

"वैनी, तू सांगाचं होतं," केशवराव म्हणाले.

"अन् तू?"

मग सुलोचनाबाईंनीच निकाल दिला. एसी लावा म्हणाल्या, गुडघ्यांना बरा पडेल. दिवा लावायच्या वेळी विचारपूस करायची तर माणसानं दारानं यावं, तोंड बघून बोलावं. इतकी वर्षं ताटीशी बोलून आपल्याला केशवचे केस कधी पांढरे झाले ते कळलं नाही, असंही म्हणाल्या. डिंपलच्या चुलीचा प्रश्न रितानं सोडवला. बाहेरचा डबा स्लॅबवर ठेवू, नळी थोडी लांब घ्यावी लागेल एवढंच. डिंपल लगेच म्हणाली, मग स्लॅब धुवायला पाणी लागलं तर वरचा आमचा नळ वापरा. आदल्या दिवशी हाच विचार कोणाला का सुचला नाही, देव जाणे. धान संध्याकाळपर्यंत सुकलं. उगवतं की नाही ते कळावं म्हणून मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून बघितलं, तर चौथ्या दिवशी बहुतेक सगळ्यांनी मोड धरला. बियाणं वाचलं होतं.

प्रफुल्ल निघताना केशवरावांच्या पाया पडला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण "आईकडे लक्ष ठेवा" एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारली. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यावर दोघांचं भागलं.

एसी लागला. खिडकी बुजली. कूलर भंगारवाल्यानं नेला, तो हातगाडीवर चढवताना केशवराव शेतावर गेले होते. मुद्दामच गेले होते, शकुनबाईंना ते ठाऊक होतं. परत आल्यावर त्यांनी पट्टीत बघितलं नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी त्यांना झोप येईना. घरघरीची सवय मोडायला वेळ लागणार होता. ते खाटेवर उठून बसले, सदरा घातला, पुन्हा बसले. शकुनबाई सगळं बघत होत्या. आंब्याचं रायतं केलंय, वाटीभर घेऊन जा, असं त्यांनी सुचवलं. केशवरावांनी वाटी उचलली, दारापर्यंत गेले, मग परत येऊन ती ओट्यावर ठेवली. काही न घेताच ते निघाले. तळपत्या उन्हातून वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि उभे राहिले. बोलावणं नव्हतं, कार्य नव्हतं, हातात काही नव्हतं. त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला.

"उभा काय राहिला?" आतून वहिनी म्हणाली. "आत ये, अन् दार लाव. सारी थंडी बाहेर चालली."

त्यांनी आत येऊन दार लावलं. खोली अगदी गार होती आणि शांत. मग जेवला का, हो जेवलो, पाठ कशी आहे, बरी आहे, असं झालं. केशवराव खाली चटईवर बसले. थोड्या वेळानं आडवे झाले. उन्हातून आलेल्या अंगाला तो गारवा आधी गोड लागला, मग जरा जास्तच लागू लागला आणि त्यांनी पाय पोटाशी घेतले. डोळे मिटले होते, पण झोप नव्हती. वहिनी खाटेवरून उठल्याचं त्यांना कळलं. गुडघे धरून, भिंतीच्या आधारानं ती पेटीपर्यंत गेली, झाकण वाजलं, आणि मग एक जाड गोधडी त्यांच्या अंगावर पडली. तिनं ती पायांखाली खोचली, मानेपाशी सारखी केली. म्हातारपणी असं कोणी करेल हे त्यांना वाटलंच नव्हतं. केशवराव जागे होते, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.